मदत हवी आहे: फेरमतमोजणीचा अर्ज तोंडी केला होता, आता काय करावे?

नमस्कार. आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माझी आत्या 3 मतांनी हरली. मतमोजणीच्या वेळी यंत्रावर दिसलेला आकडा आमच्या प्रतिनिधीने वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने 214 असा टिपला, पण निकालपत्रकात 211 आहे. फेरमोजणीची मागणी त्याने केली, मात्र तोंडीच. लेखी अर्ज होईपर्यंत निकाल जाहीर झाला.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 15 प्रमाणे निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो, एवढे ठाऊक आहे. त्यातले 6 दिवस गावकीच्या समजुतीतच गेले. 2024 मध्ये मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आल्यावर अमोल कीर्तिकर यांनी केलेली याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा नुसत्या संशयावर कोर्ट मतमोजणी पुन्हा उघडत नाही, हे आम्ही जाणतो.

लेखी अर्ज नसताना पेन्सिलीची ही नोंद आणि प्रतिनिधीचे प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरेल का? केंद्राध्यक्षांच्या मतदानाच्या हिशेबाची प्रमाणित प्रत कोणाकडे मागावी? असे प्रकरण चालवलेल्या वकिलांनी कृपया मार्गदर्शन करावे.