जेसन प्रतिसादाचा कंटेंट-टाइप 'टेक्स्ट/एचटीएमएल' का दिसतो?

प्रश्न
नमस्कार. आमच्या पीएचपी ॲप्लिकेशनमधील काही यूआरएल केवळ जेसन (डेटा देवाणघेवाणीचे मजकूर-स्वरूप) परत करतात. मजकूर निर्दोष आहे आणि फेच (ब्राउझरमधील विनंती पाठवण्याची सोय) वापरून तो व्यवस्थित वाचता येतो. मात्र जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरणाऱ्या जुन्या पानांवर तोच प्रतिसाद ऑब्जेक्टऐवजी साधी स्ट्रिंग म्हणून हाती येतो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-टाइप (प्रतिसादाचा प्रकार सांगणारा हेडर) 'टेक्स्ट/एचटीएमएल' दिसतो. एचटीएमएल आम्ही कोठेही पाठवत नाही, मग हा हेडर येतो कोठून? जेक्वेरीला डेटाटाइप 'जेसन' सांगून काम भागत असेल, तर सर्व्हरवर बदल करायलाच हवा का?

उत्तर १
आपण प्रकार सांगितला नाही, की पीएचपी स्वतःहून 'टेक्स्ट/एचटीएमएल' लावते. जेसन-एन्कोड हे पीएचपीचे फंक्शन केवळ स्ट्रिंग तयार करते, हेडरला हात लावत नाही. फेचची जेसन पद्धत हा हेडर पाहतच नाही, तर डेटाटाइप न दिल्यास जेक्वेरी त्यावरूनच अंदाज बांधते, म्हणून दोन्हीकडे वेगळे वागणे दिसते.

बदल सर्व्हरवरच करावा, आणि त्याचे खरे कारण जेक्वेरी नव्हे, सुरक्षितता आहे. एखाद्याने स्वतःच्या नावाच्या रकान्यात ऑनएरर (चित्र न मिळाल्यास चालणारी स्क्रिप्ट) असलेला इमेज टॅग भरून ठेवला आणि ती यूआरएल कोणी थेट ब्राउझरमध्ये उघडली, तर ब्राउझर त्या जेसनला पान समजतो, टॅग उभा करतो आणि त्यातील स्क्रिप्ट आपल्या डोमेनच्या अधिकाराने चालते. जेसन-एन्कोड कोनी कंस आपणहून एस्केप करत (निरुपद्रवी चिन्हांत बदलत) नाही. 'ॲप्लिकेशन/जेसन' असे सांगितल्यास तोच मजकूर निव्वळ मजकूर राहतो. जोडीला एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स हा हेडर 'नोस्निफ' या मूल्यासह पाठवावा, म्हणजे ब्राउझर स्वतःचे तर्क लढवत बसत नाही.

हेडरची ओळ पहिल्या एकोच्या (मजकूर बाहेर पाठवणाऱ्या आदेशाच्या) आधी हवी. फाइलच्या सुरुवातीला बॉम (एन्कोडिंग दाखवणारे अदृश्य बाइट) किंवा रिकामी ओळ राहिली, तर आउटपुट बफरिंग (आउटपुट साठवून नंतर पाठवणे) नसताना हेडर आधीच गेल्याची सूचना येते.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. त्रुटीचे प्रतिसादही तपासावेत: यशस्वी उत्तराला योग्य प्रकार लावलेला असतो, आणि ५०० (सर्व्हरवरील त्रुटीचा कोड) आला की फ्रेमवर्कचे एचटीएमएल पान जाते, हे फार ठिकाणी आढळते. 'ॲप्लिकेशन/जेसन'पुढे कॅरसेट (अक्षरांचे एन्कोडिंग) जोडण्याची आवश्यकता नाही. २०१७ च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकानुसार या प्रकाराला तो पॅरामीटरच नाही, आणि प्रणालींमधील देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ बंधनकारक आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, हेडर लावताच जुनी पाने सुरळीत झाली. याच ॲप्लिकेशनमधून सीएसव्हीही (स्वल्पविरामांनी विभागलेली तक्त्याची फाइल) उतरवता येते. तिला 'टेक्स्ट/सीएसव्ही' आणि कॅरसेट दोन्ही दिले, तरी एक्सेलमध्ये देवनागरी अक्षरे विस्कटलेली दिसतात.

उत्तर १
येथे हेडरचा दोष नाही. फाइल डिस्कवर उतरली की हेडर मागे राहतो आणि एक्सेलच्या हाती फक्त बाइट उरतात. त्यामुळे सीएसव्हीच्या मजकुराआधी यूटीएफ-८ चा बॉम लिहावा. पीएचपी फाइलमध्ये जो नको म्हटले, तोच येथे उपयोगी पडतो. फक्त तो हेडर पाठवून झाल्यावर, आउटपुटचे पहिले तीन बाइट म्हणून जायला हवा.