मोदेनाचे ‘बुटके’ ॲडम-ईव्ह

शिल्पवेडी: कालच्या धाग्यात एकाने लिहिलंय, ‘इटलीतल्या मोदेना कॅथेड्रलवरचे, शिल्पकार विलिजेल्मोने कोरलेले ॲडम-ईव्ह बुटके, डोकी मोठी. मायकेलअँजेलोपुढे पोरखेळ.’ वाचून डोकंच फिरलं. मोदेनाचं बांधकाम सुरू झालं १०९९ मध्ये, मायकेलअँजेलोने रंगवलेलं सिस्टिन चॅपलचं छत पुरं झालं १५१२ मध्ये. ही तुलना तरी कसली? बागेतून हाकललेले ते दोघं नीट बघा. एका हाताने पान धरलंय, दुसरा गालाला. लाज एका हातात, शोक दुसऱ्या. हे सोडून उंची मोजत बसायचं?

रोखठोक: तो ‘एक’ मीच. पुढची चारशे वर्षं नको ना, मग हजार वर्षं मागे चला. कॅथेड्रलला जुन्या रोमन शहराचेच दगड वापरलेत. रोमन शरीरं डोळ्यांपुढे असून असं कोरलं, म्हणजे हात तोकडाच.

शिल्पवेडी: त्याच दर्शनी भिंतीवर उलटी मशाल धरलेली पंखवाली मुलं आहेत, थेट रोमन शवपेट्यांच्या वळणाची. तीही त्याचीच मानतात. येत होतं त्याला! कथेसाठी जड, ठोसर माणसं त्याने निवडली.

प्रवासीकाकू: तुमचं चालू द्या, आमच्या टूरवाल्याने ते धड बघूही दिलं नाही. मारानेल्लोला फेरारीचं म्युझियम अर्धा दिवस, मग व्हिनेगरचं दुकान, आणि कॅथेड्रलसमोर ‘फोटो काढा, बसमध्ये बसा’!

गाडीवेडा: काकू, आम्ही फेरारीसाठीच पैसे भरतो. त्यात गैर काय?

प्रवासीकाकू: मग पत्रकात ‘युनेस्को वारसास्थळ’ कशाला छापता? कथा कोरलेल्या चार शिल्पपट्टांपैकी दोन बाजूच्या दारांवर चढवलेत, मान वर करून बघायला वेळ लागतो. आमचे हे दुखरा गुडघा घेऊन दुकानं बघायला आले होते का?

गाडीवेडा: सगळ्यांनाच चर्च बघायचं नसतं. आवाज चढवू नका.

रोखठोक: टूरवाल्यांबाबत काकू बरोबर आहेत.

नवखी: शिलालेख विसरलात. बायबलमधल्या हनोख आणि एलिया या संदेष्ट्यांनी धरलेल्या पाटीवर कोरलंय की शिल्पकारांत विलिजेल्मोचा मान किती, ते त्याच्या कामातूनच दिसतं. ११०० च्या आसपास शिल्पकाराचं नाव असं दर्शनी भिंतीवर येणं साधं नाही.

रोखठोक: स्तुती कोणीही कोरून घेईल. पण आंधळा लामेख बाण सोडतो आणि ॲडमचा मुलगा काइन कोसळतो, तो प्रसंग जबरदस्त आहे, मानलं. झालं समाधान? बुटके ते बुटकेच.

शिल्पवेडी: बुटके म्हणा. ‘पोरखेळ’ तेवढा मागे घ्या.