वाशिष्ठीच्या काठाने एक दिवस

चिपळूणला एक दिवस हाताशी आहे, परशुराम मंदिर बघून झाल्यावर काय, असं विचारलंय म्हणून लिहितो. घाटाकडे परत वळू नका, वाशिष्ठीच्या काठाने खाली समुद्राकडे जा.

आधी गोवळकोट. किल्ला चिमुकला, पण वरून नदीचं वळण झकास दिसतं. खाली धक्क्यावरून होडी मिळाली तर भरतीओहोटीची वेळ विचारूनच बसा. ओहोटीला काठ उघडे पडतात आणि मगरी चिखलावर ऊन खायला येतात. आम्ही ज्याला ओंडका समजत होतो त्याने जबडा उघडला, तेव्हा आमच्या पोराने होडीची कड जी धरली ती धक्का येईपर्यंत सोडली नाही!

मग गुहागरमार्गे अंजनवेलचा गोपाळगड, आणि धोपाव्याहून फेरीबोटीने गाडीसकट दाभोळ. एकेकाळचं हे मोठं बंदर. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी जाळलं. आता गाव अगदी निवांत. धक्क्याजवळची जुनी दगडी मशीद मात्र चुकवू नका, लोक फेरीबोटीतून उतरतात आणि तिच्याकडे न बघताच दापोलीला सुटतात. पावसाळ्यात जाणार असाल तर फेरी चालू आहे का ते आधी विचारा.