रहस्यकादंबरी समोर ठेवून लिहायला शिकताना नेमकं काय बघायचं?

खाडीकाठची: नमस्कार मंडळी, मी दाभोळची. खाडीत सापडलेल्या प्रेतावर कादंबरी लिहितेय. शिकायला म्हणून अगाथा ख्रिस्ती परत वाचायला घेतली पण थोड्याच पानांत गोष्टीतच गुंतते आणि ती रचलीय कशी ते बघायचं राहूनच जातं. आणि माझा खुनी बहिणीला तिसऱ्या प्रकरणातच कळला. तुम्ही अभ्यास कसा करता?

जुनं_कपाट: ताई, एकच पुस्तक घ्या, खुनी माहीत असलेलं. दर प्रकरणाला वहीत दोन ओळी लिहा, वाचकाला काय कळलं आणि तेव्हा खुनी काय करत होता. दुसऱ्या ओळीतच सगळं शिकायला मिळतं. ख्रिस्तीचीच १९२६ची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी बघा (वाचली नसेल तर पुढचं सोडा!). निवेदक डॉक्टरच खुनी, आणि तो सरळ सांगतो, पत्र आलं नऊला वीस कमी असताना, मी निघालो नऊला दहा कमी असताना. मधली दहा मिनिटं गायब! खोटं एक अक्षर नाही, पण आपला जीव त्या न वाचलेल्या पत्रात अडकलेला कारण ब्लॅकमेल करणाऱ्याचं नाव त्यात आहे, म्हणून घड्याळाकडे लक्षच जात नाही. काय बाई आहे!

हर्णै_बंदर: पटलं. फक्त रचना घ्या, त्यांचे बंगले आणि बटलर नकोत. आपल्याकडे भरती-ओहोटी आहे की. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण मिळते, हे किनाऱ्यावर जुन्या लोकांना तोंडपाठ. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे रात्री नऊला ओहोटी. आता घरात संकष्टी, सगळे चंद्रोदयासाठी खोळंबलेत, मोदक झाकून ठेवलेत. आणि खुनी जबाबात म्हणतो, त्या रात्री नऊला भरतीच्या पाण्यावर होडी धक्क्याला लावली. झालं, सापडला, पण ज्याला सुचेल त्यालाच.

खाडीकाठची: अहो दादा, अंगावर काटा आला! संकष्टी आधी दाखवू की जबाब?

हर्णै_बंदर: जबाब आधी. खोटं कानावरून गेलेलं असलं की मग तिथी कळल्यावर वाचक मागची पानं उलटतो.

जुनं_कपाट: मी उलट करेन. संकष्टी आधी, तीही जेवणावरून सासू-सुनेची जुंपलीय अशी, म्हणजे तिथी कुणाच्या डोक्यात राहणार नाही. जबाब दोन प्रकरणांनंतर. आणि ताई, जबाब देताना खुन्याला घाम-बिम फोडू नका, बहिणीने बहुतेक तिथेच ओळखला असेल.