‘स्क्रीनिंग’ म्हणजे पडताळणी की चाळणी?

प्रश्न (सीताबर्डी, नागपूर):
एका मासिकासाठी मी स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावरील औषधांविषयीच्या लेखाचा अनुवाद करीत आहे. उंदरांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण करून संभाव्य औषधांचे ‘स्क्रीनिंग’ कसे होते, हा त्याचा विषय. मी ‘स्किझोफ्रेनिया झालेल्या उंदरांवर औषधांची पडताळणी’ असे लिहिले, तर संपादकांनी ‘पडताळणी’खाली रेघ ओढून समासात नुसते प्रश्नचिन्ह काढले आहे. पर्याय सुचवावा.

प्रतिसाद (धरमपेठ):
ते प्रश्नचिन्ह योग्यच आहे. आधी केलेला दावा पुराव्याशी ताडून पाहणे म्हणजे पडताळणी, जशी जातीच्या दाखल्याची होते. येथे कोणताही दावा सिद्ध होत नाही. उंदराला केटामाइन हे भुलीचे द्रव्य टोचले की मेंदूच्या पुढच्या भागात आणि इतर काही भागांत रक्तप्रवाहाशी निगडित संकेत वाढतो, आणि हेच द्रव्य निरोगी माणसातही काही काळ स्किझोफ्रेनियासारखे भास व विचारांचा गोंधळ निर्माण करते. म्हणून दुसऱ्या गटाला आधी संभाव्य औषध व नंतर केटामाइन देऊन ती वाढ रोखली जाते का, एवढेच पाहतात. ज्या औषधाने ती रोखली, ते पुढे अभ्यासण्याजोगे ठरते, गुणकारी ठरत नाही. यासाठी ‘चाळणी’ हा शब्द नेमका आहे. लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांनी ‘चाळणी परीक्षा’ घरोघरी पोहोचवली आहे, आणि ती उत्तीर्ण झालेल्याला कोणी लगेच ‘साहेब’ म्हणत नाही.

‘स्किझोफ्रेनिया झालेले उंदीर’ हा शब्दप्रयोग मात्र मला अधिक खटकतो. उंदराला आवाज ऐकू येतात का, हे त्याला विचारता येत नाही. शिवाय चित्रणाच्या वेळी पुष्कळदा त्याला भूल दिलेली असते. ‘स्किझोफ्रेनियासदृश बदल घडवलेले उंदीर’ असे लांबलचक लिहावे लागले तरी चालेल.

प्रतिसाद (महाल):
‘चाळणी’ मान्य, पण क्रियापद जपून वापरावे. कणीक चाळताना खाली पडते ते हवे असते आणि कोंडा वर राहतो. रवा चाळताना पीठ खाली झडते आणि वर उरतो तोच आपण डब्यात भरतो. तेव्हा ‘चाळणीतून गळलेली औषधे’ म्हटल्यास ती बाद झाली की निवडली गेली, हे कळणार नाही. ‘चाळणीत टिकलेली’ म्हणावे.

ताई, लेखात कुठे ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ असेल तर तेही काढावे. स्विस मनोविकारतज्ज्ञ यूजेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक शब्दांवरून ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव घडवले, तेव्हा त्यांना विचार, भावना व इतर मनोव्यापारांची फाटाफूट अभिप्रेत होती, एका देहात दोन माणसे नव्हे. ‘छिन्नमनस्कता’ त्या अर्थाच्या जवळ जाते. तरी रुग्णाच्या घरच्यांपुढे मी स्वतः ‘स्किझोफ्रेनिया’च म्हणते, कारण ‘छिन्न’ ऐकताच समोरच्याच्या मनात काहीतरी तुटते. जपानने तर २००२ मध्ये या आजाराचे नावच बदलले.

प्रश्नकर्ती:
दोघांचीही आभारी आहे. ‘दुभंग’ दोन ठिकाणी होते, ते काढले. ‘मेंदूच्या प्रतिमा’ऐवजी ‘मेंदूचे चित्रण’ ठेवले आहे, कारण ‘प्रतिमा’ म्हटले की पुढे ‘मलिन’ येईल असे उगाच वाटत राहते. वाक्य आता असे आहे: ‘केटामाइनने स्किझोफ्रेनियासदृश बदल घडवलेल्या उंदरांच्या मेंदूचे चित्रण, ही संभाव्य औषधांची पहिली चाळणी असून तीत टिकलेल्या औषधांचा माणसांवरील परिणाम अद्याप तपासायचा असतो.’