मदत हवी आहे: डायना मॉडेल ६ एअर पिस्तूल, सील गेलंय. स्वतः उघडू का?

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत कार्ल्सरूहजवळ राहतो. दोन वर्षं इथल्या गावच्या नेमबाजी क्लबात दर मंगळवारी १० मीटर एअर पिस्तूल खेळतोय. क्लबातल्या एका आजोबांनी (वय ८१, हात आता फार थरथरतो) गेल्या महिन्यात त्यांचं डायना मॉडेल ६ माझ्या हातात ठेवलं. "कपाटात ठेवू नकोस, वापर," एवढंच बोलले.

पिस्तूल इथलंच, पलीकडच्या राश्टाट गावात बनलेलं. नळकांड्यावर मागे ०९ ७२ असा शिक्का, म्हणजे सप्टेंबर १९७२. पंचकोनातला एफ ठसठशीत आहे. म्हणजे ७.५ जूलच्या आतलं, १८ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं. काळा-निळा मुलामा धरायच्या जागी उडालाय, तो मला तसाच ठेवायचाय. तिथे आजोबांचा हात दिसतो.

आता अडचण. पहिल्या संध्याकाळी पाच-सहा छर्रे ठीक गेले, मग एकेक खाली खाली. शेवटी नेम मधोमध धरूनही भोक काळ्या वर्तुळाच्या बाहेर, तळाशी. नळी सांध्यातून खाली वाकवून उघडली, तळहातावर हलकेच आपटली तर तपकिरी चुरा पडला. जुन्या मेणासारखा, चिमटीत दाबला की चिकटणारा. क्लबच्या वेगमापकावर ०.४५ ग्रॅमच्या छर्‍याला ७१, ६४, ७८ मीटर प्रतिसेकंद. नळीच्या सांध्यावर टिशूची पट्टी धरून बार काढला, पट्टी हलली नाही. म्हणजे सांध्याचं सील शाबूत आहे आणि चुरा दट्ट्याच्या (हवा दाबणाऱ्या पिस्टनच्या) सीलचाच, असं मी धरतोय. बरोबर ना?

खरी भीती पुढेच आहे. यात गिस पद्धतीची रचना आहे: दोन दट्टे एकाच वेळी विरुद्ध दिशांना सुटतात, त्यामुळे हाताला धक्का जवळजवळ लागतच नाही. दोघांना जोडणारी दातेरी चाकं बाजूच्या गोल टोप्यांखाली बसतात. जोडताना एक दात इकडचा तिकडे झाला तर सगळं बिघडतं, असं ऐकलंय. इथल्या एका दुरुस्तीवाल्याला विचारलं, त्याने न बघताच "भंगारात द्या" म्हटलं. फार लागलं मनाला.

क्लबात नवी हवेच्या टाकीची पिस्तुलं आहेत, ती मी वापरतोच. पण नाताळाआधीच्या क्लबच्या स्पर्धेत मला हेच घेऊन उभं राहायचंय आणि आजोबांनी ते बघायला हवं. कोणी हे उघडलंय का?

प्रतिसाद

दादा, आधी एक करा: आता एकही बार काढू नका, रिकामा तर मुळीच नाही. सील नसताना दट्ट्या पुढे धातूवर आपटतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

निदान बरोबर आहे. त्या काळातलं सील वापराने झिजत नाही, वयाने विरघळतं. कपाटात पडून राहिलेल्याचंही हेच होतं. आता मिळतात ती नव्या प्लॅस्टिकची सीलं टिकतात. बसवण्याआधी आतला जुना चिकटा पूर्ण खरवडून, पुसून काढा. माझा निम्मा वेळ त्यातच गेला होता, आणि कंटाळून अर्धवट सोडलं तर नवं सीलही नीट बसत नाही.

स्प्रिंग ताणलेली असते. स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा लावल्याशिवाय मागची पिन काढू नका, चेहरा मागे आणू नका. चाकं हलवण्याआधी चाकाचा दात आणि त्याच्यात अडकणारी दट्ट्याची दातेरी पट्टी, दोन्हींवर खूण करा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. खूण असली की घाबरण्यासारखं काही उरत नाही. वंगण बोटावर मावेल तेवढंच. जास्त झालं तर दाबाने पेटतं, धूर निघतो, वेग वरखाली होतो. आणि जास्त ताकदीची स्प्रिंग घालायचा मोह टाळा. तुमच्याकडच्या मर्यादेत राहायचं तर आहेच, शिवाय १० मीटरला जोराचा उपयोग नाही. सगळं झालं की ट्रिगर ५०० ग्रॅमचं वजन न सुटता उचलतो का ते बघा, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीतच अडकाल.

माझं मॉडेल ६ नव्या सीलवर ११८ मीटर प्रतिसेकंद देतं.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. काल शिकंजा आणला आणि फक्त एका बाजूची टोपी काढून बघितली. चाकाच्या एका दातावर आणि समोरच्या पट्टीवर सुईने ओढल्यासारखी बारीक रेघ आधीपासूनच आहे. आजोबांना फोन केला. १९८६ साली स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनीच हे उघडलं होतं, रेघ त्यांचीच. शनिवारी सकाळी येतायत. म्हणाले, "तू हात चालव, मी सांगतो."

सील मागवलंय. दुसरी टोपी ते आल्यावरच काढेन.