आयर्लंडमधली प्रायमरी शाळा : तुमची कुठल्या तारखेला फजिती झाली?

लुकनची_माई:
काल फ्रिज पुसताना मॅग्नेटखाली लेकाचं ज्युनियर इन्फंट्सचं (इथली अगदी पहिली यत्ता) सुट्ट्यांचं पत्रक सापडलं, पार पिवळं पडलेलं. आता जूनमध्ये स्वारी सिक्स्थ क्लास संपवून बाहेर पडणार, आठ वर्षं कशी गेली देव जाणे. तेव्हा ऑगस्टअखेरीस शाळा सुरू झाली, पोर चार वर्षांचं, स्वेटरच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबतायत. सुरुवातीचे काही दिवस या चिमुरड्यांना १२ लाच सोडतात हे पत्रकात लिहिलेलं होतं, वाचतंय कोण! मी आपली दीडला निवांत गेले. शाळेच्या ऑफिसात बिस्कीट खात बसला होता, मला बघून म्हणाला आई तू हरवलीस का. आजही पोटात खड्डा पडतो. तुमच्याही गमतीजमती लिहा.

कॉर्कवाली:
२०२४ ला नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला!! मिडटर्मची सुट्टी होती म्हणून पहाटे उठवून उटणं लावलं, कारीट कुठलं मिळायला, चेरी टोमॅटो फोडला अंगठ्याखाली, तो उडाला थेट सोफ्यावर. संध्याकाळी तीच कन्या चेटकीण होऊन दारोदार. चॉकलेटं संपली म्हणून दारावर आलेल्या पोरांना चकल्या दिल्या तर एक जण पुन्हा मागायला आला

चहाबाज:
चकली भाजणीची की तांदळाची?

कॉर्कवाली:
भाजणीची, सासूबाईंनी पाठवलेली. माझ्या तुटतात 😭

दोन_लेकींचा_बाबा:
आमची कॅथलिक शाळा, जवळ तीच. सेकंड क्लासला वर्षभर कम्युनियनची (चर्चमधला मुलांचा संस्कार) तयारी, आमची मागे बसून चित्रं रंगवायची. त्याचं काही नाही पण मे महिन्यात सगळ्या मैत्रिणी पांढऱ्या झग्यात, घरोघरी बाउन्सी कासल (हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला), पाकिटात पैसे, हिचा चेहरा एवढासा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे मुंजच समज की, मग आपल्यात मुलींची का नाही करत! मी गप्प. शेवटी शेजारच्या आयरिश आजींनी त्यांच्या नातीच्या पार्टीला बोलावलं, ही पांढरं परकर-पोलकं घालून गेली आणि २० युरो घेऊन आली.

लुकनची_माई:
@बाबा आजींना माझा नमस्कार सांगा 🙏

स्वोर्ड्सकर:
मार्चमध्ये १ ते १७ शेख्तन न गेल्गे असतो, म्हणजे आयरिश भाषेचा उत्सव, शेवटच्याच दिवशी सेंट पॅट्रिक्स डे. आमचे चिरंजीव घरातही सुरू, ‘अन विल क्याद अगम दुल गो दी अन लेहरस’. भारतातून आलेली आजी घाबरली, म्हणाली दृष्ट काढा. अहो शू ला जाऊ का विचारतोय तो! तोवर व्हायची ती झाली.

मीठमोहरी:
😂😂 आमच्याकडे फेब्रुवारीत लव्हाळ्याचा सेंट ब्रिजिडचा (इथली संत) क्रॉस करून आणतात, आमचा देव्हाऱ्याशेजारीच टांगलाय

चहाबाज:
मला राग जूनचा. स्पोर्ट्स डे, स्कूल टूर सगळं उरकून इथे जूनअखेरीस सुट्टी लागते तेव्हा तिकडे गावच्या शाळा सुरू झालेल्या. विमानाचे दर गगनाला भिडलेले, आंबा संपलेला, धो धो पाऊस, चुलतभावंडं शाळेत. पोरं दिवसभर ओसरीवर बसून पागोळ्या बघतात. माझं सगळं बालपण मे महिन्यात गेलं हो, यांना तो मे कधी दाखवू?

मीठमोहरी:
ईस्टरच्या दोन आठवड्यांत जा की

चहाबाज:
तेव्हा कैऱ्या. तेही चालेल म्हणा, पन्हं तरी होईल

शाळेतलीच_एक:
मी एसएनए आहे, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांची मदतनीस, मधल्या सुट्टीत लिहितेय. वर्षाचे ठरावीक दिवस भरावे लागतात म्हणून तारखा अशा. आणि पालकहो पत्रकं वाचा ना!! २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळाचा रेड अलर्ट, देशभर शाळा बंद, तरी आदल्या रात्री मला तीन मेसेज, उद्या शाळा आहे का

स्वोर्ड्सकर:
त्यातला एक माझा होता बहुतेक 🙈

कॉर्कवाली:
बरं ते नो युनिफॉर्म डे या शुक्रवारी की पुढच्या? पटकन सांगा, वॉशिंग मशीन लावतेय